यवतमाळ ते लंडन : अंतर आणि अवधी

पृथ्वीचा गोल समोर ठेवून त्यावर यवतमाळपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला, तर ते अंतर सुमारे ७,४५० किलोमीटर भरते. तोच दोरा मुंबईपासून ताणला, तर सुमारे ७,२१० किलोमीटर भरते. म्हणजे लंडनपासून यवतमाळ हे मुंबईपेक्षा जेमतेम २४० किलोमीटर अधिक दूर आहे. यवतमाळहून मुंबई गाठण्यासाठी मोटारीने साडेसहाशे-सातशे किलोमीटर कापणाऱ्यांना हा हिशेब प्रथमदर्शनी चुकलेला वाटेल. परंतु तो बरोबर आहे. लंडन यवतमाळच्या थेट पश्चिमेस नसून वायव्येस आहे आणि गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेवर मुंबई येतच नाही.

भूगोलात या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. यवतमाळहून निघालेला हा काल्पनिक दोरा माळवा ओलांडून मेवाड-मारवाडावरून जातो. तेथून पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान लागतात. कॅस्पियन समुद्र ओलांडल्यावर रशियाचा दक्षिण भाग, युक्रेन, पोलंड, जर्मनी असे करीत तो लंडनला पोहोचतो. वऱ्हाडातील अनेक जैन व्यापारी घराण्यांचे पूर्वज ज्या मारवाडातून पायी, उंटावर आणि बैलगाडीने या कापूसपट्ट्यात आले, त्याच मारवाडावरून ही वाट जाते. पूर्वजांनी आग्नेयेची दिशा धरली होती. पणतवंडे त्याच रेषेवर उलट्या दिशेने, पण फार पुढे निघून गेली आहेत.

आज यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा येथील कित्येक घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे. अशा घरात अंतराचा प्रश्न भूगोलाच्या तासापुरता उरत नाही. निकडीचा प्रसंग आला तर मूल किती तासांत उंबरठ्यावर उभे राहील, हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर किलोमीटरच्या आकड्यात मिळत नाही.

गाठीची वाट आणि तारेची वाट

यवतमाळचा विलायतेशी संबंध विमानाच्या फार आधीचा आहे आणि तो कापसाने जोडला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. तेव्हा हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. यवतमाळ गाव मुख्य रेल्वेमार्गावर नव्हते. सर्वांत जवळचे मोठे स्थानक धामणगाव, सुमारे ४६ किलोमीटरवर. कापसाच्या बैलगाड्या रात्रभर चालून धामणगावी पोहोचत आणि तेथून माल मुंबईच्या बंदराकडे जाई.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद रेल्वेमार्ग झाला. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीशी निगडित कंपनीने तो उभारला. हीच सर्वांच्या आठवणीतील शकुंतला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या त्या गाडीला मूर्तिजापूर गाठायला साधारण सहा तास लागत. आज मुंबईहून उडालेले विमान तेवढ्या वेळात युरोपच्या वेशीपर्यंत जाते.

मुंबईहून गाठी जहाजात चढत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली, तरीही मुंबई ते लंडन ही सागरी वाट सुमारे ११,६०० किलोमीटरची होती. मालवाहू जहाजाला तीन-चार आठवडे सहज लागत. माणसेही याच वाटेने जात. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी जहाजानेच गेले होते.

मात्र याच काळात एक गोष्ट जहाजाच्या कितीतरी पुढे निघून गेली. १८७० मध्ये मुंबई आणि सुएझ यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली आणि मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. त्यानंतर लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या बाजारात काही तासांत कळू लागला. गाठ मात्र पूर्वीप्रमाणेच महिनाभर समुद्रावर असे. भाव आज कळतो आणि माल महिन्याने पोहोचतो, या दोहोंमधील अवधीतच त्या काळच्या व्यापाऱ्याचा नफा-तोटा ठरे. जो हा अवधी ओळखून सौदा करी तो तरे. जो बातमीच्या वेगालाच मालाचा वेग समजे तो बुडे. व्यापारी घराण्यांना हा धडा नवा नाही. तो आता कुटुंबाच्या बाबतीत पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे.

आकाशातील वाट

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचले. त्यात पस्तीस प्रवासी होते. महिन्याची वाट दोन दिवसांवर आली, हा त्या पिढीला चमत्कारच होता. आज हेच अंतर विमान मध्ये कोठेही न थांबता पार करते. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ ते दहा तास आणि येताना सुमारे नऊ तास लागतात.

जाताना अधिक वेळ का लागतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. भारताकडे येताना विमानाला त्यांचा आधार मिळतो. जाताना त्यांच्या विरुद्ध जावे लागते. हिवाळ्यात हे वारे अधिक जोर धरतात, म्हणून त्या महिन्यांत दोन्ही वेळांतील तफावत वाढते.

दुसरे कारण पृथ्वीवरील सीमांचे आहे. दोरा सरळ जातो, पण विमानाला परवानगी असेल तेथूनच जावे लागते. २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानचे आकाश २०१९ मध्ये काही महिने बंद होते आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना ते पुन्हा बंद झाले. मग वाट इराण-आखाताकडून वळते, इंधन वाढते, तास वाढतात आणि तिकिटाचा दरही वाढतो. अंतराचा आकडा पुस्तकात तोच राहतो. वेळ मात्र जगातील घडामोडींप्रमाणे बदलत राहते. म्हणून वेळापत्रक दर वेळी नव्याने पाहावे. मागच्या वर्षीच्या प्रवासाचा दाखला या वर्षी चालेलच असे नाही.

घड्याळ आणि सूर्य

लंडनचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथे घड्याळ एक तास पुढे केले जाते, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तास उडून लंडनला उतरते तेव्हा तेथे संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. तिकिटावर हा प्रवास साडेचार तासांचा भासतो. परतताना लंडनहून रात्री नऊला निघालेले विमान नऊ तास उडून मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरते आणि तिकिटावर साडेचौदा तास दिसतात. दोन्ही आकडे प्रवासाचा अवधी सांगत नाहीत. ते फक्त दोन गावांची घड्याळे सांगतात. तिकीट वाचताना उड्डाणाचा अवधी वेगळा छापलेला असतो, तोच धरावा.

चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांना येथे घड्याळापेक्षा सूर्य महत्त्वाचा. पश्चिमेकडे जाताना विमान सूर्याच्या मागे धावते, म्हणून दिवस लांबतो आणि सूर्यास्त उशिरा येतो. पूर्वेकडे येताना याच्या उलट घडते. संध्याकाळ लवकर येते आणि रात्र आखूड होते. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर. यवतमाळच्या सवयीने जेवणाची वेळ ठरवून निघालेल्या माणसाची दोन्ही ऋतूंत गैरसोय होते. अनेक विमान कंपन्यांत कंदमुळाविना जैन भोजन मिळते, पण ते प्रवासाच्या निदान चोवीस तास आधी नोंदवावे लागते आणि ते केव्हा वाढले जाईल हे प्रवाशाच्या हाती नसते. जवळ खाकरा, सुका मेवा असावा आणि पच्चक्खाण घेताना वाटेतील सूर्यास्ताचा अंदाज आधी घेतलेला असावा.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाणाचे एक व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे याची मर्यादा गृहस्थ स्वतःच ठरवून घेतो. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या पिढीने ही मर्यादा दूरवर नेली, याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु निघण्यापूर्वी अंतराचा विचार करावा, ही त्या व्रतामागची दृष्टी आजही उपयोगाची आहे.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

लंडनमधील घरातून निघून यवतमाळच्या घरी पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, याचा जमाखर्च साधारण असा मांडता येईल :

लंडनमधील घर ते विमानतळ : दीड तास
उड्डाणापूर्वी विमानतळावर : तीन तास
लंडन ते मुंबई उड्डाण : नऊ तास
मुंबईत पारपत्र तपासणी, सामान, टर्मिनल बदलणे : दोन तास
नागपूरच्या विमानाची प्रतीक्षा : तीन तास
मुंबई ते नागपूर उड्डाण : दीड तास
नागपुरात सामान व वाहन : अर्धा तास
नागपूर ते यवतमाळ, सुमारे १५० किलोमीटर : तीन तास

एकूण साडेतेवीस तास. त्यांपैकी विमान हवेत असते ते साडेदहा तास. उरलेले तेरा तास जमिनीवर जातात. ७,४५० किलोमीटरच्या वाटेत शेवटच्या दीडशे किलोमीटरला तीन तास लागतात, म्हणजे विमान तेवढ्या वेळात जे अंतर कापते त्याच्या सुमारे सोळाव्या भागाइतकेच ते अंतर आहे. अलीकडच्या वर्षांत नागपूरहून दोहा, शारजा अशा आखाती शहरांकडे थेट विमाने सुटू लागली. त्या मार्गाने मुंबईची धावपळ वाचते, परंतु मध्ये थांबणे येतेच आणि एकूण अवधी फारसा घटत नाही. ज्येष्ठांना मात्र हा मार्ग सुखाचा पडतो, कारण पारपत्राची तपासणी नागपुरातच होते आणि घरचे माणूस तेथपर्यंत सोबत येऊ शकते.

यवतमाळला विमानतळ नाही असे नाही. स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचा विमानतळ शहराजवळ आहे, पण तेथून नियमित प्रवासी सेवा नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला; त्याची ७०१ किलोमीटरची वाट दहा जिल्ह्यांतून जाते, त्यांत यवतमाळ नाही. एकेकाळी कापसाच्या गाड्या जात तशा मोटारी आज धामणगावच्या बाजूने त्या महामार्गाकडे जातात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रेल्वे यवतमाळमार्गे पुढे गेली की शेवटचा टप्पा सुकर होईल. तोपर्यंत हे तीन तास हिशेबात धरावेच लागतील.

निरोपाची वेळ

वरील साडेतेवीस तास हे सर्व काही जुळून आले तर. प्रत्यक्षात निरोप कोणत्या वेळी दिला, यावर पुष्कळ अवलंबून असते.

समजा, हिवाळ्यात एका घरी रात्री नऊला वडिलांच्या छातीत कळ आली आणि त्यांना रुग्णालयात दाखल केले. त्या वेळी लंडनमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मुलाला तेव्हाच कळवले, तर तो रात्री नऊच्या सुमाराचे विमान गाठू शकतो. ते विमान भारतीय वेळेनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईस उतरते. दुपारी तीनच्या आसपासचे नागपूरचे विमान मिळाले, तर मुलगा त्याच रात्री आठपर्यंत यवतमाळला वडिलांजवळ असतो.

पण बहुतेक घरांत असे होत नाही. ‘उगाच त्याला कशाला घोर लावायचा, सकाळपर्यंत पाहू,’ असे आई म्हणते. रात्री दोनला प्रकृती बिघडते आणि मग फोन जातो. लंडनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि त्या रात्रीचे विमान हातचे गेलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊचे विमान धरले, तर ते भारतीय वेळेनुसार मध्यरात्री मुंबईस उतरते. नागपूरचे विमान पहाटेनंतर. यवतमाळला पोहोचेपर्यंत सकाळचे अकरा वाजतात. निरोपाला पाच तास उशीर झाला आणि पोहोचायला पंधरा तास. या पंधरा तासांची भरपाई कोणत्याही वेगवान विमानाने होत नाही.

आज व्हिडिओ कॉलवर वडिलांचा चेहरा क्षणात दिसतो, म्हणून मूलही जवळच आहे असा भास होतो. दीडशे वर्षांपूर्वी तारेने भाव येत होता आणि गाठ महिन्याने पोहोचत होती. आजही बातमी क्षणात जाते आणि माणसाला पूर्ण एक दिवस लागतो. म्हणून शंका येताच कळवणे यात घाबरटपणा नाही, तो शहाणपणाचा हिशेब आहे. यावे की थांबावे हे मुलाने ठरवावे, पण ठरवण्यासाठी त्याच्या हाती वेळ असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, तरी ती शांत वेळी बोलून ठेवावी. जैन परंपरेत अंत्यविधी लांबवणे इष्ट मानले जात नाही. चोवीस ते छत्तीस तास देह ठेवण्याची सोय लहान गावात सहज होत नाही आणि ते अनेकांच्या मनालाही पटत नाही. परदेशातील मुलासाठी थांबायचे की नाही, हा निर्णय शोकाच्या क्षणी दिरावर, जावयावर किंवा शेजाऱ्यावर पडू नये. आई-वडिलांनी आपली इच्छा स्वतःच सांगून ठेवली, तर न पोहोचलेल्या मुलाच्या मनावरील ओझे पुष्कळ हलके होते. त्याला कोणी अडवले नाही आणि कोणी विसरलेही नाही, हे त्याला ठाऊक असते.

उरलेली तयारी कागदपत्रांची आहे. ज्या मुलांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे, त्यांना भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. नातवंडांनाही तो लागतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीबरोबर, सर्वांची पारपत्रे आणि कार्डे पाहून त्यांच्या मुदती लिहून ठेवाव्यात. नागपूरहून कोणत्याही वेळी गाडी पाठवणाऱ्या विश्वासू माणसाचा क्रमांक दोन्ही घरांत असावा. बँकेतील खाती संयुक्त असावीत आणि प्रत्येक ठेवीला नामनिर्देशन केलेले असावे. म्हणजे आठ दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलाचे चार दिवस काउंटरसमोर उभे राहण्यात जात नाहीत, ते आईजवळ बसण्यात जातात.

यवतमाळ आणि लंडन यांमधील ७,४५० किलोमीटर कमी करणे कोणाच्याही हाती नाही. विमानाचे तासही प्रवाशाच्या हाती नाहीत. परंतु निरोप, निर्णय आणि कागदपत्रे या तीन ठिकाणी जाणारे तास घरच्यांच्या हाती आहेत. लंडनच्या चुलत्याकडे किंवा मुलीकडे पुढचा फोन होईल तेव्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर ही तीन कामे एकदा बोलून घ्यावीत. संवत्सरीची क्षमापना फोनवर करणाऱ्या घरांना एवढे बोलणे अवघड जाणार नाही.